पीसी निळा पडतो तेव्हा



गेले तीन आठवडे आमचा पीसी साप चावल्यासारखा रोज रात्री निळा पडत होता. कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. १९ जुलै २०२४ ला चांगीवर काही एअरलाइन्सचं चेक-इन हाताने करावं लागलं, आठवतंय ना? क्राउडस्ट्राइकचं एक सदोष अपडेट, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने जगभरात ८५ लाख मशिन्स आडवी. तिथे सगळीकडे दोष एकच. घरी मात्र दर वेळी कोड वेगळा, म्हणजे आधी रॅमवर संशय घ्यायचा. मी शहाणा थेट विंडोज पुन्हा टाकायला बसलो!

बायकोने विचारलं, "अहो, बाबांचं रेकॉर्डिंग कुठंय?"

त्याच डिस्कवर. दुसरी प्रत नाही. आणि मी दिवसभर ऑफिसात लोकांचे बॅकअप तपासतो.

खराब रॅमवर कॉपी करताना फाइलही बिघडू शकते, म्हणून डिस्क काढून लॅपटॉपला लावली आणि सगळं उतरवून घेतलं. मग रात्रभर मेमटेस्ट८६. सकाळी स्क्रीनभर लाल ओळी. एकेक स्टिक लावून पाहिली, दुसरी चोर निघाली. तिचे सोनेरी पाय खोडरबरने घासले (इथली दमट हवा!), स्लॉटही बदलला, तरी तेच. शेवटी सिम लिम स्क्वेअर गाठलं.

नवी स्टिक लावून आज नववा दिवस, अजून निळं काही दिसलं नाही. रेकॉर्डिंगची एक प्रत पुण्याला भावाकडे पाठवलीय. त्याने ऐकून फोन केला, पण फार बोलला नाही.