तळपदे आठवतात, घाटगे आठवत नाहीत

मे महिन्यात आमच्या महाविद्यालयातील वाणिज्य शाखेचा एक विद्यार्थी मला त्र्यंबक रस्त्याकडच्या एका टेकडीवर घेऊन गेला. (ओझर आणि देवळाली सांभाळून मोकळे आकाश शोधायचे, तर नाशिककराला आधी नकाशा पाहावा लागतो.) सोबत त्याने स्वतः बांधलेले रेडिओ-नियंत्रित ग्लायडर होते. बाल्साच्या पातळ फळ्या ब्लेडने कापून केलेल्या फासळ्या, त्यांवर ताणून बसवलेले आवरण, दोन मीटर लांबीचे पंख आणि शेपटीचे भाग हलवणारे दोन चिमुकले सर्व्हो. इंजिन नाही. पश्चिमेचा वारा उतारावर आदळून वर चढतो आणि त्या चढत्या हवेवर ते तरंगते. घारी हेच करतात.

पहिल्या दोन फेकींत मात्र ते तरंगले नाही. नाक वर करायचे, क्षणभर थबकायचे, मग खाली कोसळायचे. मुलाने ते उचलून आणले, पंखांखाली दोन बोटे धरून तोलून पाहिले आणि म्हणाला, "सर, शेपूट जड होतेय." नाकात शिशाचा एक तुकडा सरकवला. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश रुंदीवर आला आणि तिसऱ्या फेकीत ग्लायडर असे काही वर राहिले, की माझी मान दुखू लागली. येवल्याची संक्रांत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटू नये. पतंगाला सूत नेमके कुठे बांधले, यावर तो चढणार की गोता खाणार हे ठरते. तिथे कुणाचा वशिला चालत नाही. हल्लीच्या ड्रोनमध्ये तोल सावरणारी यंत्रणा आतच असते, त्यामुळे बांधणाऱ्याची चूक पुष्कळदा झाकली जाते. ग्लायडर ती उघडी पाडते.

परतताना त्याने विचारले, "सर, जगातलं पहिलं विमान आपणच उडवलं ना? चौपाटीवर?"

मी चपापलो. जो मुलगा तासापूर्वी तोळ्यामाशाचा हिशेब करत होता, त्याने हा एक दावा मात्र न तोलताच उचलला होता. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, या कथेला विश्वासार्ह समकालीन पुरावा नाही. तिच्याशी जोडल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाची बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली तपासणी केली. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही २०१५ साली या कथेवर हिंदी चित्रपट निघाला.

याउलट विष्णू माधव घाटगे. कोल्हापूरकडचा हा माणूस गॉटिंगेनला लुडविग प्रांटलसारख्या वायुगतिकीच्या आद्य आचार्याकडे शिकला, बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये रुजू झाला आणि तिथे त्याने पहिल्यांदा आखले ते ग्लायडरच. दहा जणांना वाहून नेणारे हे 'जी-१' १९४१ साली उडाले. पुढे १९५१ मध्ये उडालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमानही त्यांच्याच आराखड्याचे. माझ्या वर्गात मी घाटग्यांचे नाव विचारून पाहिले. एकही हात वर झाला नाही. ओझरला १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना असलेल्या जिल्ह्यातली ही स्थिती!

दोष विद्यार्थ्यांचा नाही. तो आम्हा मराठीच्या अध्यापकांचा आहे, असे मला वाटते. उपेक्षित प्रतिभावंत, परकी सत्ता, हरवलेली कागदपत्रे असा ऐवज मिळाला की आमची लेखणी आपसूक चालू लागते. फासळ्या, तोल आणि शिसे यांविषयी लिहायला आमच्याजवळ भाषा नाही, आणि ती कमवावी असे आम्हांला वाटलेही नाही. पतंगाच्या कारागिराजवळ ती होती, आहे; आम्ही ती बोलीच्या कोशात टाकून मोकळे झालो. विमानाचा अभिमान धरायचा, तर खरोखर उडालेले मराठी माणसाचे ग्लायडर हाताशी असताना न उडालेल्या विमानाची गरज आम्हांला का पडावी?

त्या मुलाला मी घाटग्यांविषयी सांगितले, तेव्हा त्याने अभिमान वगैरे काही व्यक्त केला नाही. थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दहा माणसं? आणि त्यातला एक जण जागेवरून उठून मागे गेला, तर?"