ऑर्थोगोनल अ‍ॅरे: ‘तागुची पद्धत’ या नावामागे झाकलेला इतिहास

१/ संगणक-प्रणालींच्या चाचणीत वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोगोनल अ‍ॅरेला सर्रास ‘तागुची पद्धत’ म्हटले जाते आणि तिचा उगम जपानी कारखान्यांत मानला जातो. हा समज चुकीचा आहे. तिचे मूळ शेतात आहे. आणि तिच्या गणितातील एका निर्णायक टप्प्यावर एका मराठी गणितज्ञाचे नाव आहे.

२/ समजा, परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर ज्वारीचे ३ वाण, पेरणीच्या ३ वेळा, ओळींतील ३ अंतरे आणि खताच्या ३ मात्रा तपासायच्या आहेत. सर्व शक्यतांसाठी ८१ वाफे लागतील. परंतु पुढील चौकट पाहावी:

क१ ख२ ग३
ख३ ग१ क२
ग२ क३ ख१

आडवी ओळ म्हणजे वाण, उभा स्तंभ म्हणजे पेरणीची वेळ, अक्षर म्हणजे अंतर, अंक म्हणजे खत. कोणतेही दोन घटक घ्या, त्यांची प्रत्येक जोडी नेमकी एकदा येते. वाफे फक्त ९.

३/ अक्षरांचा एक आणि अंकांचा एक, असे हे दोन लॅटिन चौरस. इंग्लंडमधील रोथॅमस्टेडच्या शेतीप्रयोगांतून रोनाल्ड फिशर यांनी अशा चौरसांना प्रतिष्ठा दिली.

४/ आता वाणाच्या जागी मोबाइल, पेरणीच्या जागी भाषा, अंतराच्या जागी नेटवर्क आणि खताच्या जागी पैसे भरण्याची पद्धत ठेवा. ९ चाचण्यांत प्रत्येक जोडी तपासली जाते. (तीन घटक एकत्र आल्यावरच उद्भवणारा दोष मात्र निसटू शकतो. ‘८१ चे काम ९ मध्ये’ ही जाहिरात अर्धसत्य आहे.)

५/ या सारण्यांचा व्यापक सिद्धान्त कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या सी. आर. राव यांनी १९४७ मध्ये मांडला. गेनिची तागुची त्याच संस्थेत १९५४-५५ मध्ये अभ्यागत प्राध्यापक होते. पद्धत कारखान्यांत रुजवण्याचे त्यांचे श्रेय मोठेच आहे; जनकत्वाचे नव्हे.

६/ ऑयलरने १७८२ मध्ये तर्क केला होता की ६, १०, १४, १८ अशा आकारांचे परस्परपूरक चौरस असूच शकत नाहीत. ६ बाबत तो खरा ठरला. उरलेले सारे १९५९ मध्ये राजचंद्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी खोटे ठरवले. न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. १० पर्यायांचे ४ घटक १०,००० ऐवजी १०० चाचण्यांत बसवता येतात, ते या शोधामुळे.

७/ श्रीखंडे यांचा जन्म सागरचा, शिक्षण नागपूरचे. १९६३ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे संस्थापक प्रमुख झाले. चाचणी शिकणाऱ्या किती मराठी विद्यार्थ्यांना हे नाव सांगितले जाते? अस्मितेचा फेटा बांधण्याचेही कारण नाही: बोस बंगाली, पार्कर अमेरिकन. पण चुकीचे नाव पाठ करण्याचे तर मुळीच नाही.

८/ रॉबर्ट मँडल यांनी १९८५ मध्ये एडा भाषेच्या कंपायलरची चाचणी या गणिताने आखली. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात पहिलेच शब्द आहेत: ऑर्थोगोनल लॅटिन स्क्वेअर्स.