मोटारसायकलची सीट : मऊ की भक्कम?

रायगडच्या किनाऱ्यावरची अंतरे नकाशावर लहान आणि अंगावर मोठी असतात. अलिबागहून मुरूड सुमारे पन्नास किलोमीटर; परंतु नागाव-चौलच्या वाड्यांमधून जाणारा अरुंद रस्ता, रेवदंड्याचा पूल, कोर्लईपासून काशीदपर्यंतची वळणे आणि गावोगावचे गतिरोधक जमेस धरले, तर जाण्यायेण्यात तीन तास सहज मोडतात. शिक्षक, बँकेतील कर्मचारी, औषधांचे विक्रेते, वीजवाहिन्यांवर काम करणारे तंत्रज्ञ अशी कितीतरी मंडळी हे अंतर आठवड्यातून अनेकदा मोटारसायकलवरून कापतात. बहुतेकांची तक्रार एकच असते : पहिला अर्धा तास काही जाणवत नाही, मग चुळबुळ सुरू होते आणि घरी पोहोचेपर्यंत बसण्याची जागा बधिर झालेली असते.

रेवदंड्याच्या एका वाचकांनी याच संदर्भात विचारले आहे. सीट बदलायची आहे. दुकानदार जेलची सीट घ्या म्हणतो, मित्र हवेची गादी सुचवतात, आणि सीट शिवणारा कारागीर दोन इंच फोम वाढवून देण्यास तयार आहे. महिन्यातून दोनदा आईलाही मागे बसवून श्रीवर्धनला न्यावे लागते. अशा वेळी निवड कशी करावी?

निवडीआधी आपण नेमके कशावर बसतो, ते पाहिले पाहिजे. ताठ बसलेल्या माणसाच्या धडाचा भार मांसल भागावर नव्हे, तर कटीच्या तळाशी असलेल्या दोन हाडांच्या उंचवट्यांवर येतो. त्यांना सोयीसाठी बैठकीची हाडे म्हणू. त्यांच्या टोकांमधील अंतर साधारणतः दहा ते पंधरा सेंटिमीटर. स्त्रियांमध्ये ते किंचित अधिक. आपले अंतर पाहायचे असेल तर ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरील ओल्या, घट्ट वाळूत क्षणभर बसून उठावे. दोन खळगे स्पष्ट दिसतात. सीटने आधार द्यायचा तो या दोन खळग्यांना. त्यांच्या मधून आणि पुढून जाणाऱ्या नसा व रक्तवाहिन्या मात्र दाबाखाली येण्यासाठी घडलेल्याच नाहीत.

मऊ सीटची फसवणूक येथे सुरू होते. दुकानात बोट दाबले की फोम लोण्यासारखा आत जातो आणि आपण हरखतो. रस्त्यावर तोच फोम हाडांखाली पार चेपतो. हाडे जवळजवळ तळाच्या पत्र्याला किंवा प्लास्टिकला टेकतात, आणि न चेपलेला मधला भाग वर येऊन मांड्यांमधल्या नाजूक भागाला दाबतो. पहिली दहा मिनिटे जी सीट सर्वांत सुखद वाटते, तीच दुसऱ्या तासाला सर्वांत त्रासदायक ठरू शकते. त्याउलट काहीशी कडक, पण हाडांखाली पुरेशी रुंद व सपाट सीट सुरुवातीला रुक्ष वाटते आणि शेवटपर्यंत साथ देते. माझे मत विचाराल तर लांबच्या प्रवासासाठी मऊपणा हा निकषच नव्हे. भार किती मोठ्या पृष्ठभागावर पसरतो, हा खरा निकष.

बसण्याच्या जागेचे दुखणे ही हसण्यावारी नेण्याची बाब नाही, हे वैद्यकाला फार पूर्वीच कळून चुकले आहे. दुसऱ्या महायुद्धात खडबडीत रस्त्यांवर जीप हाकणाऱ्या अमेरिकी सैनिकांमध्ये माकडहाडापाशी गळू आणि नासूर होण्याचे प्रमाण इतके वाढले, की डॉ. लुई ब्यूई यांनी १९४४ मध्ये त्याला ‘जीपचा आजार’ असेच नाव दिले. हजारो जवानांना त्यापायी रुग्णालयात जावे लागले. सततचे घर्षण, घाम, हादरे आणि त्वचेत रुतणारे केस यांचा तो परिणाम होता. आपल्याकडे तरुण वाहनचालकांमध्ये हा विकार आजही आढळतो. संकोचामुळे तो लपवला जातो आणि पू झाल्यावरच डॉक्टरांपर्यंत पोहोचतो.

हादऱ्यांचा प्रश्न मात्र सीटपेक्षा थोडा निराळा आहे. सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी खालीवर हालचाल माणसाच्या कण्याला सर्वाधिक बाधते. शरीराला बसणाऱ्या कंपनांविषयीच्या ‘आयएसओ २६३१’ या आंतरराष्ट्रीय मानकातही याच पट्ट्याला अधिक वजन दिलेले आहे. आणि गंमत अशी, की साधी फोमची गादी याच पट्ट्याच्या खालच्या टोकाशी हादरा कमी करण्याऐवजी वाढवते. इंजिनची बारीक थरथर ती शोषते, खड्ड्याचा दणका नाही. तो शोषायचे काम चाकातल्या हवेचे आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. त्या काळात तेथून नियमाने ये-जा केलेल्यांना दणका म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. म्हणून सीटवर खर्च करण्यापूर्वी टायरमधील हवा कंपनीने सांगितल्याइतकी आहे का, शॉकअ‍ॅब्सॉर्बरमधून तेल गळते का, हे पाहावे. मागच्या स्प्रिंगचा ताण बहुतेक मोटारसायकलींवर खाचांच्या कड्याने कमी-अधिक करता येतो. एकट्याने जाताना तो कमी आणि मागे माणूस असताना अधिक ठेवायचा असतो. पण वाहन घेतल्यापासून हे कडे एकदाही न फिरवलेली घरेच अधिक. (जुन्या बुलेटची स्प्रिंगांवर बसवलेली स्वतंत्र सीट ज्यांनी अनुभवली आहे, ते तिचे गुण अजून गातात. त्यात केवळ गतकाळाचे प्रेम नाही. त्या स्प्रिंगा फोमला न जमणारे काम करीत.)

एवढे करूनही त्रास राहिला, तर सीटकडे वळावे. पहिला उपाय सर्वांत स्वस्त : जाड विणीचे, हवा खेळती ठेवणारे जाळीचे कव्हर. ते दाब फारसा कमी करीत नाही. परंतु त्वचा आणि रेक्झिन यांच्यामध्ये वाऱ्याला वाट देते, आणि दमट हवेच्या या किनाऱ्यावर अर्धी लढाई घामाशीच असते. जांघेतील गजकर्णाने त्रस्त असलेल्यांनी तर इतर काही करण्यापूर्वी हेच करावे. कव्हर पट्ट्यांनी घट्ट बांधलेले हवे. वळणावर सरकणारे कव्हर धोक्याचे.

जेल हा पदार्थ चेपत नाही, फक्त बाजूला सरकतो. फोमच्या थरात पातळ वडीसारखा बसवला तर तो हाडांखालचा दाब थोडा पसरवतो. मात्र तो उष्णता साठवून ठेवतो. वैशाखात काशीदच्या किनाऱ्यालगत उन्हात उभ्या केलेल्या काळ्या सीटवर परत बसताना त्याची प्रचिती येते. ‘मेमरी फोम’ म्हणून विकला जाणारा फोम १९६६ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेसाठी विमानातील आसनांकरिता घडवला गेला. तो उष्णतेने मऊ पडतो. साहजिकच आपल्या हवेत तो दुपारी तळ गाठतो. पातळ वरचा थर म्हणून ठीक, संपूर्ण सीट त्याची नको. हवेच्या कप्प्यांची गादी मूळची चाकाच्या खुर्चीवर दिवसभर बसणाऱ्या रुग्णांना दाबाचे व्रण होऊ नयेत म्हणून तयार झालेल्या उपायाची धाकटी बहीण. दाब पसरवण्यात ती सरस आहे, पण लोक ती फुग्यासारखी टम्म भरतात आणि मग डुलत जातात. बसल्यावर हाडे आणि खालची सीट यांच्यात बोटभर अंतर राहील, इतकीच हवा तीत हवी. आखूड फेऱ्यांसाठी तिची उठाठेव मला अनावश्यक वाटते.

उरतो कारागीर. अनुभवी हाताखाली मूळ सीटचा आकार बदलून घेणे हा बहुधा सर्वांत समाधानकारक मार्ग असतो. कारण प्रश्न पुष्कळदा फोमचा नसून आकाराचा असतो. सीट पुढे टाकीकडे उतरती असेल तर प्रत्येक ब्रेकला माणूस पुढे घसरतो, भार हाडांवरून नाजूक भागावर येतो आणि उरलेला मनगटांवर. हा उतार काढून बसण्याची जागा जवळजवळ सपाट केली आणि हाडांखाली थोडी रुंदी वाढवली, तरी निम्मी तक्रार मिटते. पुढचा भाग मात्र अरुंदच ठेवावा, नाहीतर मांड्या फाकतात आणि पाय जमिनीला पोहोचत नाहीत. ‘दोन इंच फोम वाढवून देतो’ या प्रस्तावाला म्हणूनच सरळ होकार देऊ नये. दोन इंच म्हणजे पाच सेंटिमीटर. उंचीने बेताच्या माणसाची टाच तेवढ्याने अधांतरी होते. मागे आई, बाजूला सुटलेली खडी, आणि थांबताना एकच चवडा टेकलेला, हे चित्र कोणत्याही पाठदुखीपेक्षा वाईट.

कारागिराशी बोलताना दोन शब्दांत गल्लत होऊ देऊ नये. फोमची ‘डेन्सिटी’, म्हणजे घनता, त्याचा टिकाऊपणा सांगते. कडकपणा ही वेगळी गोष्ट. अधिक घनतेचा फोम मऊही असू शकतो. गाद्यांच्या दुकानातला कमी घनतेचा फोम सीटमध्ये भरला तर काही महिन्यांत बसतो. कंपनीचा साच्यातला मूळ फोम सहसा चांगला असतो. तो फेकू न देता त्यालाच छाटून, हवा तेथे भर घालून घ्यावा. शक्य असल्यास जुन्या बाजारातून त्याच मोटारसायकलची दुसरी सीट आणून प्रयोग तिच्यावर करावा, म्हणजे पसंत न पडल्यास परतीचा मार्ग राहतो. आणि शिवण बसण्याच्या जागेवर नको, कडेला हवी. शिवणीच्या छिद्रांतून पावसाळ्यात पाणी आत मुरते, फोम आतून ओला राहतो आणि कुबट होतो. कव्हर ताणून ठोकलेल्या पिना खाऱ्या हवेने गंजतात, म्हणून त्या स्टेनलेस स्टीलच्या मागाव्यात.

नवी सीट पारखायची ती दुकानाच्या दारात नव्हे. नेहमीचा रस्ता, नेहमीची वेळ, नेहमीचे कपडे; आणि निघाल्यापासून पहिली चुळबुळ किती मिनिटांनी झाली, याची नोंद. जुन्या सीटवर ती चाळीस मिनिटांनी होत असेल आणि नव्या सीटवर ऐंशी मिनिटांनी, तर पैसे सार्थकी लागले. तीन-चार फेऱ्यांशिवाय निकाल देऊ नये. सीट कितीही उत्तम असली तरी तासाभराने पाच मिनिटे उतरून चालणे सुटत नाही. त्या बाबतीत आपला किनारा उदार आहे : आगरदांड्याहून दिघीला जाणारी फेरीबोट असो किंवा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणारी रो-रो, खाडी वा समुद्र ओलांडताना विश्रांती आपोआप मिळते. तेव्हा गाडीवरच बसून मोबाइल पाहणाऱ्यांचे नवल वाटते.

आता मागे बसणाऱ्या आईविषयी. सीट बदलताना चालकाच्या जागेचा विचार होतो, मागची जागा उरलेल्या फोमवर भागते. तिला तर रस्ता दिसत नाही, खड्डा केव्हा येणार हे कळत नाही, अंग सावरायला वेळ मिळत नाही. शिवाय मागचे आसन जवळजवळ मागच्या चाकावर असल्याने दणका तिला अधिक बसतो. साठीच्या पुढच्या, हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रीला गतिरोधकावरच्या एका अनपेक्षित उसळीने मणक्याचा चेपलेला अस्थिभंग होऊ शकतो. ‘पाठीत उसण भरली’ म्हणून घरी तेल चोळले जाते आणि निदानाला आठवडे लागतात. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणे शक्य असल्यास तेच उत्तम. साडीमुळे एका बाजूला बसावे लागत असेल तर भार एका कुल्ल्यावर येतो आणि कंबर पिळली जाते. अशा वेळी मागची सीट उंच व निमुळती नव्हे, तर सपाट आणि लांब हवी, दोन्ही पाय टेकतील असा आडवा पायठेवा हवा आणि हाताला पकड हवी. पकड, पायठेवा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे आवरण, या तिन्ही गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमानुसार बंधनकारकच आहेत. दिसायला बरे म्हणून आवरण काढून टाकणाऱ्या चिरंजीवांनी आईच्या पदराचा विचार करावा. गतिरोधकापूर्वी वेग कमी करून ‘आई, उसळी आहे’ एवढे म्हणण्याला काही खर्च नाही. आणि नव्या सीटबद्दल तिचे मत श्रीवर्धनला पोहोचल्यावर नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंथरुणातून उठताना विचारावे.

काही तक्रारी मात्र सीटच्या माथी मारून वेळ दवडू नये. उतरल्यानंतर तासाभरानेही मांड्यांमधला भाग बधिर राहत असेल, तर प्रवास थांबवून डॉक्टरांना भेटावे. त्याबरोबर पायात अशक्तपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. मणक्यातील नसांवर दाब आल्याची ती खूण असू शकते. मधुमेही व्यक्तीने बसण्याच्या जागेवरील लहानशा फोडाकडेही दुर्लक्ष करू नये, कारण तेथील संवेदना आधीच मंदावलेली असू शकते. शौचावाटे रक्त जाणे हे ‘गाडीच्या उष्णतेने’ होत नसते. त्याची तपासणीच करावी लागते. आणि गर्भवतीने या रस्त्यावरून मागे बसून जावे की नाही, हे ठरवण्याआधी तिच्या डॉक्टरांना विचारावे. सीट कोणतीही असो.