गुलाबी पोस्टर लावून महिला ग्राहक येत नाहीत!



२ नोव्हेंबर २०२५. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम. आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप जिंकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हॉट्सअॅप उघडलं तर आपल्या बॅचमधल्या स्पोर्ट्स दुकानदारांचे आणि अकॅडमीवाल्यांचे मेसेजवर मेसेज. सगळ्यांचा प्रश्न एकच, "सर, आता लेडीज मार्केट ओपन झालं. पोस्ट काय टाकू?"

या आठवड्याच्या व्हिडिओत मी याच विषयावर बोललोय, पण वेळेअभावी बरंच राहून गेलं. ते इथे सविस्तर लिहितो. माझं मत काहींना आवडणार नाही, तरी स्पष्ट सांगतो. "पोस्ट काय टाकू" हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न आहे, "ती आली तर तिला द्यायला माझ्याकडे काय आहे?"

आधी माझी चूक सांगतो

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातल्या एका स्पोर्ट्स दुकानदाराला मी ८ मार्चसाठी कॅम्पेन करून दिलं होतं. गुलाबी पोस्टर, त्यावर 'नारीशक्तीला सलाम', खाली वीस टक्के सूट. पोस्ट बूस्ट केली, पाच हजार रुपये गेले. लाइक भरपूर आले. दुकानात ऑफर विचारत आले ते दोन नवरे, बायकोला गिफ्ट म्हणून टी-शर्ट बघायला. मागवलेले गुलाबी टी-शर्ट दिवाळीपर्यंत रॅकवर पडून होते.

दुकानदार काही बोलला नाही, पण मलाच चैन पडेना. म्हणून एका संध्याकाळी जाऊन त्याच्या काउंटरमागे बसलो. सातच्या सुमारास एक मुलगी वडिलांसोबत आली. पोलीस भरतीची तयारी करत होती. तिला धावायचे शूज आणि चार किलोचा गोळा हवा होता. दुकानात गोळा होता तो पुरुषांचा, ७.२६० किलोचा. शूजचं विचारल्यावर दुकानदार म्हणाला, "मुलींचं वेगळं काही नसतं गं, जेन्ट्समधला सहा नंबर घालून बघ." तिने घातला, टाच सैल पडली. वडिलांनी घड्याळ बघितलं आणि दोघं निघून गेले.

ते गेल्यावर दुकानदार मला म्हणाला, "बघा सर, लेडीज येतात, पण घेत नाहीत."

तिला घ्यायचं होतं हो! बापाच्या खिशात पैसे होते. दुकानात माल नव्हता. आणि मी त्या दुकानासाठी गुलाबी पोस्टर करत बसलो होतो. चूक दुकानदाराची जेवढी, त्याहून जास्त माझी. स्टॉक न बघता मी जाहिरात केली.

"आमच्या गावात बायका कुठे खेळतात, सर?"

हे वाक्य मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये ऐकतो. ललिता बाबर साताऱ्यातल्या माण तालुक्यातली, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या फायनलमध्ये धावली. कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी भागातली, २०१० च्या कॉमनवेल्थमध्ये दहा हजार मीटरचं कांस्य तिने आणलं. तिरंदाजीतली २०२३ ची जगज्जेती अदिती स्वामी साताऱ्याची. स्मृती मानधना सांगलीची. २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकणारी दिव्या देशमुख नागपूरची. त्याच वर्षी जानेवारीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कॅप्टन प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचीच.

यांच्यापैकी प्रत्येकीने कुठल्या तरी दुकानातून पहिले शूज, पहिलं साहित्य घेतलंच असेल ना? मुली खेळतात. त्या तुमच्या दुकानात दिसत नाहीत, एवढंच.

'महिला' नावाचं गिऱ्हाईक नसतं

'खेळात रस असलेल्या महिला' असा एक गठ्ठा करून स्ट्रॅटेजी बनवली की ती फसते. मला तरी यात चार वेगवेगळी गिऱ्हाइकं दिसतात.

१) भरतीची तयारी करणारी मुलगी. पोलीस भरतीत मुलींची मैदानी ५० गुणांची असते: ८०० मीटर धावणे २०, १०० मीटर १५, गोळाफेक १५. तिला तुमचं 'मोटिव्हेशन' नको, ते तिच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त आहे. गोळा कसा पकडायचा, कुठले शूज हजार-दीड हजारात टिकतात, हे तिला हवंय. हे सगळं ती यूट्यूबवर शोधते. तिथे तुमच्या गावाचं नाव आणि 'पोलीस भरती मुली' हे शब्द टायटलमध्ये असलेले चार व्हिडिओ टाका.

२) खेळाडू मुलीची आई. वापरणारी मुलगी, पण ठरवणारी बहुतेक वेळा आई. आणि मेटावर अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना वय आणि ठिकाण यापलीकडे टार्गेट करताच येत नाही. 'मुली', 'क्रिकेटची आवड' असले पर्याय त्यांच्यासाठी बंद आहेत. म्हणजे शाळकरी मुलीपर्यंत जाहिरातीने पोचायचं तर आईशीच बोलावं लागणार. आईचे प्रश्न काय असतात? मैदानावर लाइट आहे का? बाथरूम आहे का? कोच बाई आहेत का? प्रॅक्टिस किती वाजता सुटते? अकॅडमीवाल्यांनो, तुमच्या पेजवर यातल्या एका तरी प्रश्नाचं उत्तर आहे का? सगळीकडे ट्रॉफ्यांचे फोटो आहेत. बाथरूमचा फोटो कुणी टाकत नाही. टाकून बघा.

३) तिशी-चाळिशीत सुरू केलेली ताई. सकाळी चालायला जाता जाता पळायला लागली, सोसायटीत बॅडमिंटन सुरू केलं, आता जवळपासच्या मॅरेथॉनमध्ये दहा किलोमीटर करायचे आहेत. पैसे स्वतः खर्च करते. पण दुकानात पुरुष सेल्समनला स्पोर्ट्स ब्राचं माप विचारायला संकोचते, आणि ते साहजिक आहे. तिच्यासाठी व्हॉट्सअॅप बिझनेसचा कॅटलॉग सोन्यासारखा आहे: फोटो, साइज, किंमत, सगळं समोर. शिवाय 'या नंबरवर महिला स्टाफ उत्तर देईल' अशी एक ओळ, खरी असेल तरच.

४) मॅच बघणारी. तिला खेळायचं नाही, जर्सी घालून मॅच बघायचीय, मुलाला-मुलीला घेऊन जायचंय. हिच्यासाठी इन्स्टाग्राम उत्तम. पण हिचा सीझन छोटा असतो. डब्ल्यूपीएल किंवा मोठी स्पर्धा असेल तेव्हाच.

चौघींना एकाच पोस्टमध्ये पकडायला जाऊ नका. तुमच्या गल्ल्यात आज कुणाचा पैसा येतोय ते बघा, त्यातली एक निवडा आणि तीन महिने फक्त तिच्यासाठी काम करा.

मग पोस्ट काय टाकायची? माहिती टाका!

मला विचाराल तर या ग्राहकाला सगळ्यात जास्त काय आवडतं? तिला कुणीतरी गंभीरपणे घेतलेलं. आणि त्यासाठी ड्रोन शॉट लागत नाही. हे विषय बघा, प्रत्येकाचा तीस सेकंदांचा रील होतो:

- महिलांच्या क्रिकेटचा बॉल हलका असतो, साधारण १४० ते १५१ ग्रॅम. पुरुषांचा १५६ ते १६३. दोन्ही काट्यावर ठेवून दाखवा.
- बास्केटबॉल मुलींसाठी सहा नंबर, मुलांसाठी सात. आई सात नंबर घेऊन जाते आणि मुलीच्या हातात तो बसत नाही.
- व्हॉलीबॉलचं नेट महिलांसाठी २.२४ मीटर, पुरुषांसाठी २.४३. शाळेच्या सरांना टॅग करा.
- कबड्डीचं मैदान महिलांचं १२ बाय ८ मीटर, पुरुषांचं १३ बाय १०.
- गोळा ४ किलो की ७.२६०? भरतीच्या मुलींनो, सराव कशाने करताय?

त्या माझ्या दुकानदाराने शेवटचा विषय घेतला. चार किलोचे तीन गोळे मागवले, महिलांचे शूज चार साइजमध्ये ठेवले आणि काउंटरवर उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ केला. बॅकग्राउंडला शेजारच्या रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येतोय. व्हायरल वगैरे काही झाला नाही. पण भरतीच्या एका ग्रुपमध्ये तो फिरला आणि "गोळा आहे का" म्हणून फोन सुरू झाले. गुलाबी पोस्टरच्या वेळी असा एकही फोन आला नव्हता.

तीन गोष्टी चुकूनही करू नका

एक, परवानगीशिवाय मुलींचे फोटो. अकॅडमीतल्या मुलींचे प्रॅक्टिसचे फोटो सर्रास पेजवर टाकले जातात, नाव-शाळा-बॅचच्या वेळेसकट. अहो, ती मुलगी रोज कुठे आणि किती वाजता असते, हे तुम्ही जगाला सांगताय! २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं म्हटलंय. ॲडमिशन फॉर्मवर संमतीचा वेगळा रकाना करा. पालक नाही म्हणाले तर नाही. आणि 'हो' असलं तरी वेळ आणि ठिकाण लिहू नका.

दोन, खेळाडूंचे फोटो आणि तुमचा लोगो. वर्ल्ड कप जिंकल्यावर हरमनप्रीत-जेमिमाच्या फोटोखाली स्वतःचा लोगो आणि 'फ्लॅट ३० टक्के' टाकणारे मी खूप पाहिले. २०२१ मध्ये सिंधूने टोकियोत पदक जिंकल्यावर असंच केलेल्या काही ब्रँड्सविरुद्ध तिच्या मॅनेजमेंट कंपनीने कायदेशीर पावलं उचलली होती. अभिनंदन मनापासून करा, शब्दांत करा. गावातल्या जिल्हास्तरीय खेळाडूला विचारून, तिला मानधन किंवा किट देऊन तिचा फोटो वापरा. तुमच्या गिऱ्हाइकाला ती जास्त जवळची वाटेल.

तीन, घाण कमेंट तशाच ठेवणं. मुलीने फलंदाजीचा रील टाकला की खाली 'पोळ्या लाट' लिहिणारे महाभाग असतातच. "कमेंटने रीच वाढतो सर" असं मला एकाने सांगितलं. वाढू दे! ती कमेंट वाचून एक आई मुलीचं नाव काढून घेते, त्याचा हिशोब कोण करणार? इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये नको असलेले शब्द टाकायची सोय आहे. मराठी शब्द देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरांत, दोन्ही प्रकारे टाका. उरलेल्या कमेंट हाताने उडवा. तुमच्या पेजवर काय चालतं, हे तुमच्या दुकानात काय चालतं याचा नमुना आहे.

नव्वद दिवसांचा साधा प्लॅन

पहिले १५ दिवस: एकही पोस्ट नाही. दुकानात किंवा अकॅडमीत येणाऱ्या दहा महिलांना आणि मुलींच्या आयांना विचारा, "काय मिळालं नाही?" वहीत लिहा. त्यानुसार थोडाच माल आणा, थोडीच सोय करा. गूगल प्रोफाइलवर नवे फोटो आणि वेळ अपडेट करा.

१६ ते ६० दिवस: आठवड्याला दोन रील आणि एक साधी पोस्ट, बस्स. विषय वहीतलेच. पोस्टची वेळ माझ्याकडून विचारू नका, स्वतःच्या इनसाइट्समध्ये बघा. व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या प्रत्येकीला लेबल लावा: 'भरती', 'आई', 'रनिंग'. आणि आपला नंबर सेव्ह करायला सांगा, कारण ज्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह नाही त्यांना ब्रॉडकास्ट पोचत नाही.

६१ ते ९० दिवस: ज्या रीलवर सगळ्यात जास्त चौकशी आली, तोच एक घ्या. दिवसाला दोनशे रुपये, गावाभोवती दहा-पंधरा किलोमीटरचा रेडियस, बटण व्हॉट्सअॅप मेसेजचं. महिनाभरात सहा हजार. त्याहून जास्त आत्ता लावू नका.

मोजायचं काय? फॉलोअर नाही. तीन आकडे: किती जणींनी विचारलं, किती जणी आल्या, किती जणी परत आल्या. बिल करताना फक्त "कुठून कळलं ताई?" एवढं विचारायची सवय लावा.

जाता जाता

काही जण म्हणतील, "सर, एवढ्या कमी गिऱ्हाइकासाठी एवढी खटपट कशाला?" प्रश्न रास्त आहे. पहिल्या तीन महिन्यांत यातून मोठा धंदा होणार नाही, हे मी आधीच सांगतो. पण एका मुलीला बरोबर साइजचे शूज मिळाले की ती बॅचमधल्या सगळ्यांना दुकानाचं नाव सांगते. आणि रिकाम्या हाताने परत गेली तर तेही सांगते.

ती भरतीची मुलगी पुन्हा त्या दुकानात आली का, हे मी दुकानदाराला विचारलं होतं. नाही आली. चार किलोचा गोळा पहिल्यांदा दुकानात आला, तो तिच्यामुळे. तिला ते माहीतही नाही.

तर आजचा होमवर्क: उद्या सकाळी दुकान उघडल्यावर स्वतःच्या रॅकसमोर उभे राहा आणि मोजा, महिलांच्या मापाच्या किती वस्तू आहेत? तो आकडा कमेंटमध्ये लिहा. शून्य असला तरी लिहा, लाजू नका. माझ्या दुकानदाराचाही शून्यच होता.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, मनापासून करा!