पूजेतील पोथी

आज खंडेनवमी. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रे धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या जातील, हत्यारांवर हळदकुंकू वाहिले जाईल. याच दिवसांत घरोघरी सरस्वतीपूजनही होते. रुमालात बांधलेली वाडवडिलांची पोथी पाटावर येते, तिला गंधफूल वाहिले जाते आणि ती पुन्हा फडताळात जाते. तो रुमाल सोडून आतील पाने पाहणारे किती असतील?

बोरूने आणि काजळीच्या शाईने सप्तशतीचे तेरा अध्याय उतरून काढणे ही उपासनाच होती. अध्यायसमाप्ती तांबड्या शाईने लिहावी, चुकलेले अक्षर पिवळ्या हरताळाने झाकावे, अशी रीत असे. 'हरताळ फासणे' हा शब्दप्रयोग तेथूनच आला. तेल व पाणी यांपासून हिला जपावे, अशी विनवणी पुष्कळ लेखनिकांनी अखेरीस करून ठेवली आहे.

ही श्रद्धा समुद्रापारही दिसते. 'सद्धर्मपुंडरीक' हा मूळ संस्कृत बौद्ध ग्रंथ. जपानच्या तायरा घराण्याचा प्रमुख कियोमोरी याने ११६४ मध्ये, त्यातील एकेक अध्याय आप्तेष्टांकरवी सिद्ध करवून, सोन्याचांदीने सजविलेल्या तेहतीस गुंडाळ्या इत्सुकुशिमाच्या देवस्थानास अर्पण केल्या. तेथील देवता पुढे बेन्झाइतेन, म्हणजे आपली सरस्वतीच, या रूपात पूजिली गेली. ११८५ मध्ये दान्नोउराच्या सागरी युद्धात त्या घराण्याची सत्ता बुडाली. गुंडाळ्या मात्र आजही शाबूत आहेत. देवस्थानाने त्या पूजिल्या, तशा जपल्याही.

आपण काय करतो? पोथी जीर्ण झाली की पंचगंगेत सोडतो. तिचा पायदळी अवमान होऊ नये, हा त्यामागील भाव आम्ही जाणतो. परंतु मूर्ती पुन्हा घडविता येते. पणजोबांच्या हातचे अक्षर पुन्हा मिळत नाही. २०१९ व २०२१ च्या महापुरांनी महामार्गही पाण्याखाली नेला. नदी आपणहून येते, तेथे आपण तिला ग्रंथ का द्यावेत?

म्हणून यंदा पूजेनंतर रुमाल सोडावा. पाने सावलीत वाऱ्यावर धरावीत, प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, चिकटपट्टी लावू नये. पोथी समईपासून दूर, कोरड्या व उंच जागी ठेवावी. घरी सांभाळणे अशक्य असल्यास शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे विचारणा करावी.

आज यंत्राला हार घालणारा कामगार उद्या त्याला तेलपाणीही करतो. पोथीच्या वाट्याला तेवढी निगा आली, तर सरस्वतीपूजन खऱ्या अर्थाने पूर्ण होईल.