जाड टायर, बारीक काटा

दोस्तांनो, नववीतल्या एका वाचकाने लिहिलंय, "काका, मामाने चार इंच रुंद टायरची बॅटरीवाली सायकल दिली. टायर एवढे जाडजूड, तरी पंधरा दिवसांत तीनदा पंक्चर! उतारावर ब्रेक दाबला की नुसता किंचाळतो, सायकल काही थांबत नाही. आई म्हणते, विकून टाक."

विकायची गरज नाही. पण ब्रेकच्या बाबतीत आईची काळजी अगदी रास्त आहे, बरं का!

आधी पंक्चरचं बघू. टायर रुंद म्हणजे त्याचं रबर जाड, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नसतं. हे टायर मुळात बर्फावर आणि वाळूत चालवण्यासाठी निघाले. रुंदीमुळे भार पसरतो आणि चाक रुतत नाही. रबर मात्र बरेचदा पातळच ठेवतात, नाहीतर चाक भलतंच जड होईल. आपल्याकडे बर्फ कुठला? आपल्याकडे बाभळीचे काटे आणि सराटे! माळावर पसरणारा हा सराटा अमेरिकेतही पोचलाय आणि तिथे त्याचं नावच 'पंक्चरवेल' पडलंय. टायर जितका रुंद, तितके जास्त काटे तो गोळा करणार.

आता सांग, तुझ्या ट्यूबची तिन्ही भोकं एकाच जागी होती का? तसं असेल तर काटा एकच आहे आणि तो अजून टायरमध्येच बसलाय. ट्यूब बदलली, काटा तसाच! टायरच्या आतून जुनं सुती फडकं सावकाश फिरव. जिथे धागा अडकेल, तिथे चोर. (नुसतं बोट फिरवू नकोस, रक्त येईल.)

शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर मात्र काटा शोधत बसू नकोस. हवा कमी होती, खड्ड्यात चाक आदळलं आणि रिमने ट्यूब चावली, इतकंच. अशा टायरला रस्त्यावर साधारण २० पौंडांच्या आसपास हवा लागते. नेमका आकडा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत आणि आपल्या वजनाप्रमाणे ठरवावा. आठवड्यातून एकदा मापून बघायची. अंगठ्याने दाबून कळत नाही.

काट्यांवर उपाय म्हणजे ट्यूबमध्ये सीलंट भरणं. वॉल्व्हमधून हे दाट द्रव आत सोडलं की चाक फिरताना ते भोकात शिरतं आणि भोक बुजतं. काट्याएवढ्या भोकाला ते छान चालतं. काचेने टायर चिरला तर काही उपयोग नाही. काही महिन्यांनी ते वाळतं, तेव्हा पुन्हा भरावं लागतं. ट्यूब आणि टायरच्या मध्ये पट्टी घालायचीही सोय असते, पण माझी पसंती आधी सीलंटला.

मोटर मागच्या चाकात असेल तर ते चाक काढणं म्हणजे वायर, नट, वॉशर असा सगळा खटाटोप. काटा कुठे घुसलाय ते दिसत असेल, तर बॅटरी बंद करून टायरची एकच कड उचलायची, तेवढीच ट्यूब बाहेर ओढायची आणि तिथल्या तिथे पॅच मारायचा.

आता ब्रेक. आई-बाबांनो, हे तुम्हीही वाचा. साधी सायकल १५ किलोची, ही ३० किलोची. मुलाचं वजन ४५ धरा. साध्या सायकलवर तो ताशी १५ किलोमीटरने जातो, हिच्यावर २५ ने. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. हिशेब केलात तर ब्रेकला जवळजवळ साडेतीन पट ऊर्जा जिरवावी लागते!

किंचाळतो पण थांबत नाही, याचं नेहमीचं कारण म्हणजे चकतीला लागलेलं तेल. चेनला तेल घालताना ते उडतं. चकती आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसायची. तेल प्यालेले पॅड बदलायचे. एवढ्याने भागलं तर पुढचा खर्च नको.

नाही भागलं, तर केबलच्या जागी हायड्रॉलिक ब्रेक. पास्कलचा नियम आठवा: लिव्हरपाशी लहान दट्ट्या, चाकापाशी मोठा, मध्ये द्रव. लिव्हरवर कमी जोर, चाकापाशी जास्त जोर! १६० मिलिमीटरची चकती बदलून १८० ची बसवली, तर तेवढ्याच जोरात साडेबारा टक्के जास्त पकड मिळते. मात्र फोर्कला ती चालते का, ते आधी विचारा. नवे पॅड लगेच पकडत नाहीत. मोकळ्या मैदानात पंधरा-वीस वेळा वेग घेऊन हळूहळू थांबवावं लागतं.

दुकानदार कधीकधी एक गोष्ट विसरतो. या सायकलींच्या ब्रेक-लिव्हरमध्ये बहुधा एक छोटा स्विच असतो. ब्रेक दाबताच तो मोटर बंद करतो. नव्या लिव्हरलाही तसाच स्विच हवा आणि त्याची पिन जुळायला हवी. पैसे देण्याआधी दुकानदाराला मागचं चाक उचलून मोटर हळू चालवायला सांगा आणि लिव्हर किंचित दाबा. मग दुसरी लिव्हर. दोन्ही वेळा मोटर तत्काळ थांबली पाहिजे. नाही थांबली, तर सायकल दुकानातच ठेवून घरी चालत या.