पहिला मार फुकट?

परवा आमच्याकडे, जालन्यात, धुणंभांडी करणाऱ्या मावशी सुजलेला डोळा घेऊन आल्या. रात्री पोलिसांत गेल्या होत्या. हातात एनसीचा कागद. त्यावर 'अदखलपात्र'. म्हणजे दखल घेण्याजोगंच नाही!

मी कायदा काढून वाचला. साधी दुखापत : भारतीय न्याय संहिता, कलम ११५(२). वर्षभरापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपासही करू शकत नाहीत. नवऱ्याच्या क्रूरतेसाठी कलम ८५ आहे, म्हणजे १९८३ मध्ये आलेलं जुनं ४९८-अ. ३ वर्षांपर्यंत कैद, दखलपात्र. मग ते का नाही लावलं? "घरातलं भांडण आहे, मावशी."

२००६ पासून घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे. पण नुसतं मारल्याची शिक्षा त्यात नाही. कोर्टाने दिलेला संरक्षण आदेश मोडला तरच वर्षभरापर्यंत कैद. म्हणजे पहिला मार फुकट?

"बायका कायद्याचा गैरवापर करतात" म्हणणाऱ्यांना सांगतो, सरसकट अटक नको असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच बजावलंय. आता कसली भीती? बायकोवरचा पहिला फटकाच दखलपात्र करा.

आणि नातेवाईकहो, रागावू नका. "नवराच आहे, एखादा हात उचलणारच" हे आपल्याच ओसरीवर ऐकलंय मी. पोलिसांच्या आधी दखल नाकारतो ते आपणच.

असो. सोमवारी मावशींना संरक्षण अधिकाऱ्यांकडे नेतोय. तोवर त्या राहताहेत त्याच घरात.